दाजी, तुमच्या नावाने कावळा शिवला

मंगळवारी सकाळी तुम्ही गोठ्यात गेलात. वैरण टाकलीत आणि दावणीपाशी बसलात. आक्का चहा घेऊन आली, तेव्हा तुम्ही बसलेले होता. तुमच्या पोराने, विक्रमने, गाडी काढून तुम्हाला पलूसला नेले. डॉक्टरांनी तपासले आणि विक्रमला बाहेर बोलावले. मला इस्लामपूरला फोन आला. आक्का म्हणाली, "बाळू, तुझं दाजी गेलं."

एसटीतून तुमच्या फाट्यावर उतरलो, तर तुम्ही तिथे उभे होता. तुम्हाला अजून अग्नी द्यायचा होता आणि तुमचा फ्लेक्स लागून झाला होता. डोक्यावर लष्करी ठिपक्यांची टोपी, उजवा हात वर, चेहऱ्यावर हसू आणि पाठीमागे जबडा उघडलेला वाघ. 'माजी सैनिक, वन्यजीवप्रेमी' अशी अक्षरे. खाली शोकाकुल म्हणून विक्रमच्या मित्रांचे चेहरे ओळीने लावलेले, त्यातल्या काहींनी डोळ्यांवरचे गॉगलसुद्धा काढले नव्हते. वाघ तुम्ही जन्मात पाहिला नाही. तो फोटो मागच्या हिवाळ्यातल्या आपल्या सहलीतला आहे, आणि मूळ फोटोत तुमच्या वर केलेल्या हातात कोंबडीची तंगडी आहे. ती कुणीतरी पुसून टाकली होती. त्यामुळे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला आशीर्वाद देत असल्यासारखे दिसत होता.

मला रडू फुटायच्या बेतात होते, ते तिथेच आटले. अंगणात तुम्हाला ठेवले होते तिथे येऊन मी तुमच्या पायांवर डोके टेकले, तरी डोळ्यांपुढे तो पुसलेला हातच होता. मेव्हण्याला दाजी गेल्याचे दुःख झाले नाही असे कोणी म्हणू नये. झाले, अजून आहे. पण त्याच्यावर एक थर बसला आहे, ताकाच्या भांड्यावर बसतो तसा, चिकट आणि आंबूस. तो थर खरवडायला म्हणून मी हे लिहितो आहे. तुमची जन्मतारीख, तुमची पलटण, तुमची पदके हे सगळे तिकडे भाषणांत बोलून झाले. माझे तुमच्याशी भांडण आहे आणि तुम्ही ते अर्धे टाकून गेलात.

तुमचे मूळ घर माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडे. आमचे वडीलही तिकडचेच, पण साखर कारखान्यात चिकटले आणि इस्लामपूरचे झाले. मुलगी मात्र त्यांनी पुन्हा त्याच दुष्काळात दिली म्हणून आमची आई त्यांना जन्मभर बोलत राहिली. तुम्ही फौजेत, तुमचे वडील मेंढरे घेऊन माळावर, आणि आक्का पाण्याच्या टँकरची वाट बघत दारात. निवृत्तीनंतर तुम्ही पलूसकडे पाण्याखालची थोडी जमीन घेतलीत, ऊस लावलात. पण माळ विकला नाहीत. तो तर तुम्ही नोकरीत असतानाच आक्काच्या नावावर केला होता. तुम्ही परत आला नाहीत तर तिला उभे राहायला स्वतःची जागा असावी, एवढेच त्याचे कारण तुम्ही सांगितले होते.

त्या माळावर तुम्ही मला पहिल्यांदा नेलेत तेव्हा मी नुकता पदवीधर झालो होतो आणि फार शहाणा होतो. तुम्ही रजेवर होता. दुपारी मला एका दगडी तालीच्या, म्हणजे बांधाच्या, आडोशाला बसवलेत. बोलायचे नाही, हलायचे नाही. मी पिशवीतून पुस्तक काढले, तर तुम्ही ते माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीखाली दाबून बसलात. ऊन कलले. मेंढरे परतीला लागली. समोरच्या उतारावर वाळल्या गवताच्या रंगाचे काहीतरी उभे होते, आणि ते मघापासून तिथेच होते हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. लांडगा आपल्याकडे बघत होता. बघून झाल्यावर तो वळला आणि चालत गेला, पळाला नाही. मी विचारले, अजून थांबायचे का. तुम्ही पँट झटकत उठलात आणि म्हणालात, "न्हाई. त्यानं आपल्याला बघितलं. झालं काम."

पुढे मी ग्रंथपाल झालो. रानावनांवरची पुस्तके कॉलेजच्या कपाटात लावली, वाचली, मुलांना वाचायला दिली. त्यातल्या कितीतरी लेखकांपेक्षा तुम्हाला जास्त कळते असे मी मनात धरून बसलो होतो. तुम्हाला हे कधी सांगितले नाही. सांगितले असते तर तुम्ही आक्काला हाक मारून म्हणाला असता, तुझ्या भावाला ऊन लागलंय, कांदा फोडून दे.

सहल विक्रमने काढली. आप्पांना वाघ दाखवायचाच, असे त्याने ठरवले होते आणि त्यात खोट काही नव्हती. पोराने बापासाठी गाडी काढली, रजा काढली, खाली दक्षिणेत मैसूरच्याही पुढच्या जंगलात राहायची सोय लावली. पुस्तकवाले मामा बरोबर हवेत, असे म्हणून मलाही ओढले. निघायच्या दिवशी पहाटे तुम्ही सगळ्यांना 'फॉल इन' म्हणून अंगणात उभे केलेत. आक्का म्हणाली, ती काही तुमच्या पलटणीतली नव्हे, आणि मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी येऊन बसली. तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा, पायाशी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. वास सुटला की विक्रम काचा खाली करायचा आणि तुम्ही वर करायचात.

त्या प्रवासातला पहिला दिवस माझ्याकडे नीट राहू दे, दाजी. तो मला कशातही मिसळायचा नाही. मिरज मागे पडले, हद्द ओलांडली, पाट्यांवरची अक्षरे गोल झाली. मेंढरांचा कळप दिसला की तुम्ही गाडी थांबवायला लावायचात. विक्रम वैतागून म्हणाला, "आप्पा, मेंढरंच बघायची हुती तर घरी काय कमी बघितली?" तुम्ही ऐकलेच नाहीत. एका कळपापाशी उतरलात, घोंगडीवाल्या म्हाताऱ्याशी बोलायला लागलात. तुमच्याकडे कानडीचे दोनच शब्द, तेही जतच्या बाजारात उचललेले. तुम्ही विचारलेत, "कुरी एष्टु?" मेंढरे किती? म्हातारा हसला आणि काही सांगेना. तुम्ही कान पकडलेत. परत येऊन आम्हाला म्हणालात की मोजून सांगत नसतात, तुमचे वडीलही सांगत नसत, फौजेत राहून तुम्ही रीत विसरलात. रीत विसरल्याची लाज वाटणारा माणूस मी तेव्हा शेजारी बसून पाहिला. म्हणून पुढचे मला समजत नाही.

जंगलात गेलो तो बसमधून. बांबूची बेटे, लाल माती, मधूनच ओलसर गार वारा. पण ते सगळे खिडकीच्या जाळीतून आणि माणसांच्या डोक्यांमधून. बसमध्ये चिवड्याची पाकिटे फुटत होती. मोर दिसला की सगळे एका अंगाला धावत आणि ड्रायव्हर ओरडे. पुढे कुठेतरी वाघ उठल्याचे कळले आणि सगळ्या बसगाड्या धुरळा उडवत एकाच वळणावर जाऊन थांबल्या. तिथे वाघ नव्हता, दुसऱ्या बसमधली माणसे आपल्याकडे बघत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. हत्तीचा मागचा भाग दिसला, तोही झाडीत शिरताना. तुम्ही मात्र रागावला नाहीत. तुम्ही म्हणालात, त्यांचं घर हाय, त्यांना वाटलं तर येतील. मला बरे वाटले. आक्का झोपली होती.

विक्रमला मात्र ते लागले. एवढा खर्च करून, एवढ्या लांब आणून बापाला काही दाखवता आले नाही. आपण उतरलो होतो त्या ठिकाणच्या मालकाने त्याचा चेहरा ओळखला. आमच्याकडून कुणी रिकाम्या डोळ्यांनी जात नाही, असे तो हिंदीत म्हणाला आणि दिवस मावळायच्या सुमाराला मागच्या गच्चीवर यायला सांगितले.

ते काय होते ते मी आता लिहितो. तुम्ही तिथे होता, तरी लिहितो, कारण फ्लेक्सवर ते नाही.

गच्चीच्या खाली खड्डा होता. दोन दिवसांचे खरकटे त्यात ओतलेले. आंबलेला भात, कोंबडीची हाडे, फणसाचा चोथा, लग्नाच्या कुठल्यातरी पार्टीतले जेवण, आणि त्या सगळ्यात प्लास्टिकचे पेले आणि चांदीच्या कागदाच्या थाळ्या. वर गच्चीवर खुर्च्या मांडलेल्या, भजी गरम. वास असा की आक्काने पदर तोंडाला लावला आणि ती खाली खोलीत परत गेली. मग रानातून अस्वले आली. एक मोठे, मागे दोन लहान. ती रोज येत असावीत, कारण त्यांनी वर बघितलेसुद्धा नाही. ती सरळ खड्ड्यात उतरली. मोठ्या अस्वलाने चांदीची थाळी तोंडात धरली आणि ती चाटता चाटता कागद फाटून त्याच्या ओठाला चिकटला. पंजाने निघेना. ते तसेच, तोंडाला चकाकणारा कागद घेऊन खात राहिले. लहान पिल्लू पेल्यात तोंड घालून बसले. माणसे टाळ्या वाजवत होती. कुणीतरी वरून भजे फेकले आणि पिल्लाने ते झेलले, तेव्हा बायका कौतुकाने हसल्या, रांगणारे मूल बघून हसतात तशा.

मी तुमच्याकडे बघितले. तुम्ही उठाल आणि आपण सगळे खाली जाऊ, अशी माझी खात्री होती.

तुम्ही उठलात. ताटलीतली तंगडी उचललीत, विक्रमने "आप्पा, हिकडं बघा" म्हटले, तुम्ही हसलात आणि हात वर करून ती खाली टाकलीत. मोठे अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तोच तो फोटो.

परतीच्या वाटेवर मी पुस्तक उघडून बसलो. तुम्हाला ते कळले. धारवाडच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा आक्का आणि विक्रम आत गेले आणि तुम्ही माझ्यापाशी उभे राहिलात.

"पाव्हणं, रुसलासा?"

मी म्हणालो, मला शिसारी आली. अस्वलाची नव्हे.

तुम्ही फुंकर मारत चहा प्यालात. मग म्हणालात, "माळावर लांडगं येत्यात, ती काय भजनाला येत्यात व्हय? मेंढरू घावतं म्हणून येत्यात. आमच्या बाची किती कोकरं खाल्ली असतील. तवा तुमाला शिसारी आली न्हाई."

मी म्हणालो, लांडगा चोरून नेतो, तुमचे वडील काठी घेऊन मागे धावतात, तरी तो नेतो. त्यात दोघांचीही काही इज्जत राहते. इथे ओतून दिले जाते आणि वर खुर्च्या मांडल्या जातात.

तुम्ही म्हणालात, "मंजी चोरलं की इज्जत आणि दिलं की भीक. लय पुस्तकी हाय हे. त्या अस्वलाला इचारा, त्याला काय पायजे ते."

मी म्हणालो, तुम्ही हे स्वतःला पटवून देता आहात. तुम्ही हसलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत, आणि तेवढ्यात आक्का बिस्किटाचा पुडा घेऊन बाहेर आली. वाद तिथे थांबला. तो तसाच थांबलेला आहे. तुमच्या बोलण्यात तथ्य होते, हे मी तेव्हाही नाकारले नाही आणि आजही नाकारत नाही. पण एखाद्या गोष्टीत तथ्य असते आणि तरीही ती बघवत नाही, याचे काय करायचे हे तुम्ही मला सांगितले नाहीत.

विक्रमने मात्र त्या गच्चीवर सगळे टिपून घेतले होते. घरी आल्यावर महिन्याभरात त्याने तुमच्यापुढे बेत मांडला. माळावर तंबू ठोकायचे, पुण्या-मुंबईची माणसे आणायची, उताराखाली खड्डा काढायचा. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या टाकायला जागाच शोधत असतात, ते स्वतःहून आणून ओततील. लांडगे येतील, तरस येतील, वर मचाण. माणातली पोरे मुंबईला ओझी उचलायला जातात, त्यातल्या काहींना घरी काम मिळेल. हे त्याने मला सांगितले तेव्हा त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता आणि तेच मला भयानक वाटले. मी तुम्हाला विचारले, तुमचे काय मत. तुम्ही म्हणालात, बघू.

फौजी माणूस. पाणी कुठल्या सरीला सोडायचे हे ठरवायला तुम्हाला क्षण लागत नसे. या एका गोष्टीला तुम्ही 'बघू' म्हणालात आणि आक्काला तर काहीच म्हणाला नाहीत. माळ तिचा, तरी तिला विचारायचे कुणाला सुचले नाही, मलाही नाही.

यानंतर एकदाच विषय निघाला. मी दिवाळीचा म्हणून आलो होतो, तुम्ही कडबा तोडत होता. मध्येच हात थांबवून म्हणालात, "त्या अस्वलाच्या तोंडाला कागद चिकटला हुता. बघितलंसा का तुमी?" मी म्हणालो, बघितला. तुम्ही परत कडबा तोडायला लागलात. माझ्याकडे तुमच्या मनाचा पुरावा म्हणून एवढेच आहे. यावरून तुम्ही माझ्या बाजूचे होता असे मी म्हणू शकत नाही. म्हणावेसे फार वाटते.

आता दहाव्याचे.

तुमच्यानंतरचे दिवस मी आक्कापाशीच राहिलो. सकाळी फिरायला नदीवर जायचो. दहाव्याच्या आधीच्या दोन-तीन सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर मला विक्रमचे मित्र दिसले, फ्लेक्सवरच्या ओळीतलेच. काळ्या पिशवीतून ते काहीतरी पायरीवर ओतत होते आणि कावळ्यांचा गलका झाला होता. जवळ गेलो. कोंबडीची आतडी होती. जिथे माणसे आपल्या मेलेल्या माणसांना पाणी देतात त्या पायरीवर पिवळट ओघळ आणि त्यावर माश्या. मी विचारले, हे काय. एकजण अदबीने म्हणाला, "मामा, आता कावळं ऱ्हायलीत कुठं? सवय लावाय लागती. न्हाईतर दहाव्याला माणसं उन्हात बसत्यात दुपारपतूर." मी पायऱ्या चढून वर आलो आणि बाभळीला धरून ओकलो.

दहाव्याला गर्दी झाली. भाषणे झाली. ज्यांना तुम्ही बांधावर उभे केले नसते ते तुमच्या मोठेपणावर बोलले. एकाने तुम्हाला निसर्गाचे लेकरू म्हटले आणि वेळ झाली म्हणून निघून गेला. मग पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकून बसले.

कावळे बाभळीवर होते. उतरत नव्हते. आपल्याकडे जसे होते तसे सुरू झाले, कुणाची काय इच्छा राहिली असेल. तुमच्या चुलतभावाने हात जोडून म्हातारीला सांभाळतो म्हणून सांगितले. आक्काला म्हातारी म्हटल्याचे तुम्हाला चालले नसते. कुणीतरी नातवाला फौजेत घालतो म्हटले, त्या नातवाचा अजून जन्म व्हायचा आहे. कावळे हलले नाहीत. लोक विक्रमकडे बघू लागले. तो पुढे झाला. त्याचे डोळे सुजलेले होते, बापासाठी तो खरोखरच रडला होता. त्याने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "आप्पा, माळावर तुमच्या नावानं जंगल कॅम्प काढतो. तुमचं सपान पुरं करतो."

एक कावळा खाली आला. थेट पिंडावर बसला, चोच मारली, पान उलटवून खालचे काहीतरी ओढले आणि उडाला.

घाटावर एकच हुंकार उठला. बायकांनी डोळे पुसले. म्हातारी माणसे माना डोलवत म्हणाली की आप्पाच्या मनात तेच होते, पोराने ओळखले. विक्रम तिथेच मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला, आणि लोकांनी त्याला जवळ घेतले. मला त्या क्षणी अस्वलाच्या खड्ड्यापाशी आली होती त्यापेक्षा मोठी शिसारी आली. कावळ्यावर माझा विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मला त्यावरून किती चिडवलेत. पण तुमचा होता. तुमच्या वडिलांच्या दहाव्याला तुम्ही दुपार टळेपर्यंत अनवाणी उभे होता आणि कुणालाही पुढे होऊ दिले नव्हते. म्हातारा येईल तवा येईल, असे तुम्ही म्हणाला होता. तुम्ही जे मानत होता ते यांनी खायला घालून बोलावले आणि त्याच्या तोंडून तुमचे 'बघू' हे 'हो' करून घेतले. आता त्याच्याविरुद्ध बोलायचे म्हणजे तुमच्याविरुद्ध बोलायचे, असे साऱ्या गावाचे झाले.

सुतकात घाटावर कोण भांडतो. पण मग पुढचे काही दिवस घरात येणारा प्रत्येकजण आक्काला हेच सांगू लागला, तुमची इच्छा कशी कावळ्याने सांगितली, पोर कसे गुणाचे. ती ऐकून घेई आणि चहा ठेवी.

गेल्या आठवड्यात विक्रम कागद घेऊन आला. आक्का परातीत ज्वारी निवडत बसली होती, मी खुर्चीत. माळ कॅम्पसाठी त्याच्या नावावर करायचा, तिची सही हवी. त्याने कागद परातीशेजारी ठेवले, पेन ठेवले.

आक्का म्हणाली, "कुणी सांगितलं हे?"

"आई, आप्पानीच न्हाई का? गावानं बघितलंय. कावळा शिवला."

"मंग त्या कावळ्याचीच सही घे."

मला वाटले ती थट्टा करते आहे. विक्रमलाही वाटले, तो थोडा हसला. ती मान खाली घालून खडे काढत होती.

"पिंडाखाली आतडं कुणी ठेवलं?" तिने विचारले. "पान म्या उचललं. हाताला लागलं माझ्या. घरी येऊन तीनदा हात धुतलं."

विक्रमने कागद सरळ केले. मग म्हणाला की माणसे उन्हात बसली होती, सगळेच करतात, त्याने एकट्याने काही वेगळे केले नाही. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. कावळा आलाच नसता तर लोक काय म्हणाले असते, की आप्पा समाधानी गेले नाहीत? ते त्याला ऐकवले नसते. हे मी मान्य करतो. बापाच्या पिंडाला कावळा शिवू नये, हे कुठल्या पोराला सोसते?

आक्का म्हणाली, "बाला इचारायचं तर नीट इचारायचं हुतं. ताटकळत बसायचं. आला असता, न्हाईतर नसता आला. खायला घालून काय बोलवायचं त्याला?"

ती एवढेच बोलली आणि परात घेऊन आत गेली. मी जन्मभर जो वाद पुस्तकांतून शोधत होतो, धारवाडच्या अलीकडे तुमच्यापुढे मांडत होतो, तो तिने निवडण करता करता मांडला. आणि दाजी, तिने तुम्हालाही सोडले नाही. जाताना दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाली, त्या गच्चीवरनं मी उगाच न्हाई खाली गेले. ह्यांना म्हटलं हुतं मी, चला म्हणून. ऱ्हायलं ते.

मला हे माहीत नव्हते. तिने तुम्हाला बोलावले होते आणि तुम्ही थांबलात. का थांबलात, पोराचे मन मोडू नये म्हणून, की तुम्हालाच मजा वाटली? रीत विसरली म्हणून घोंगडीवाल्यापुढे कान धरणारा माणूस आणि तंगडी फेकणारा माणूस, यातले कोण मेले मंगळवारी? मी दोघांनाही दाजी म्हणत होतो. दोघांसाठीही मला हुंदका येतो आणि दुसऱ्याच्या वेळी तो अडतो. तुम्ही मला लांडगा दाखवलात, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. ते तुम्ही आधी दाखवले नसते, तर खड्ड्यापाशी मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

कागद अजून कोनाड्यात आहेत. गावाचे म्हणणे असे की आक्का नवऱ्याची शेवटची इच्छा मोडते आहे. बायका तिच्याकडे येईनाशा झाल्या आहेत. विक्रम घरी जेवतो आणि आईशी बोलत नाही. तिने सही केलेली नाही. माळ आहे तसा आहे.